मुतखडा

कमोडमधल्या त्या पिवळ्या-तपकिरी थराला
आमच्याकडे मुतखडाच म्हणतात.
पोटातल्या खड्याला वेगळा शब्द आहे.
वडिलांना दोन्ही होते.

घरमालकीण श्लेरेथबाई चाव्यांचं विचारायला आली,
दारातूनच नाक आक्रसून म्हणाली,
"एकतीस तारखेपर्यंत. आणि संडास, गुंडुला,
जसा दिला होता तसा."
एकाहत्तर साली दिला होता.
मी तेव्हा चार वर्षांची.
कसा होता, कोण सांगणार?

पहिल्या दिवशी व्हिनेगर.
घरभर लोणच्याच्या बरणीचा वास,
डाग ढिम्म.
दुसऱ्या दिवशी कासेलहून बहिणीचा फोन:
"लिंबूसत्त्व घाल. पण गार पाण्यात हं,
गरम पाण्यात त्याचाच नवा दगड होतो."
इर्मगार्डला सगळं ठाऊक असतं.
यायला तेवढं जमत नाही.

मग गुडघ्यांखाली टॉवेलची घडी घेतली,
तळाचं पाणी दह्याच्या रिकाम्या डब्याने उपसलं,
कागदाचे बोळे आम्लात भिजवून
पाण्याच्या रेषेवर गोल चिकटवत गेले,
तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसे,
आणि दिवा मालवून घरी निघून आले.

वडील चाळीस वर्षं खाणीत होते,
माईन नदीच्या वरच्या अंगाला,
शिंपल्यांचा दगड कापत.
घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या.
एकदा खिशातून तुकडा काढून ताटाशेजारी ठेवला:
आत एक शिंपला, गच्च मिटलेला.
"इथे समुद्र होता," म्हणाले.
"बटाटे दे इकडे."

तोच दगड. पाऊस त्यातून झिरपतो
आणि थोडा थोडा समुद्र घेऊन येतो
नळाला, किटलीला,
चहावरच्या तवंगाला,
आणि इथे.
शेवटची सहा वर्षं त्यांना दिसायचं कमी.
नेम चुकायचा. पाणी सोडायचं राहून जायचं.
मी दर रविवारी यायचे, केक घेऊन.
आत पाऊल टाकलं नाही कधी.
घरी पोचेपर्यंत धरून ठेवायचे.

तिसऱ्या सकाळी बोळे सोलून काढले.
थर मऊ पडला होता, ओल्या खडूसारखा.
प्युमिसचा दगड पाण्यात बुडवून घासायला घेतला.
कोरडा घासला तर चिनीमातीला चरे पडतात,
हे मला कुणी शिकवायला नको,
खाणवाल्याची पोर आहे.
पापुद्रे सुटत गेले, एकाखाली एक.
यातला आईचा कुठला, त्यांचा कुठला,
माझ्या शाळेतल्या वर्षांचा कुठला,
काही कळेना.
सगळ्यांच्या खाली पांढरं.
इतकं पांढरं, की मी जरा मागे सरले.

साखळी ओढली.
आणि फरशीवर पाणी.
पायथ्याशी एक बारीक धार,
केसाएवढ्या तड्यातून.

प्लंबर ओटमार वाकला, अंगठा फिरवला, हसला.
"जुना आहे तडा. वीस वर्षांचा तरी.
त्या खड्यानेच बुजवून धरला होता.
थोडी घाण ठेवायची होती, बाई."
नव्या कमोडचे दोनशे साठ युरो.
श्लेरेथबाई अर्धे देणार नाही, विचारून झालं.

संध्याकाळी वृद्धाश्रमात गेले.
तड्याचं सांगणार होते, नाही सांगितलं.
त्यांनी माझे हात हातात घेतले,
आम्लाने सोलवटलेले,
डोळ्यांना लागतील इतके जवळ नेले.
नखांत पांढरी भुकटी राहिली होती.
अंगठ्याने चाचपून पाहिली, वास घेतला.
"खालच्या थरातला," म्हणाले. "मऊ आहे.
खाणीवर गेली होतीस?"
मी हो म्हणाले.
"मग हात धू. जेवायला बसू."

साडेआठ वाजले होते.
तिथे जेवणं सहालाच होतात.
मी उठले आणि हात धुतले.